प्रेस नोट तिची, निर्णय कुणाचा?

पीआर म्हणजे जनसंपर्काच्या क्षेत्रात बायका कमी आहेत अशी तक्रार कुणी करूच शकत नाही. बऱ्याच देशांत या कामात दर तीन माणसांमागे साधारण दोन बायका असतात, आणि कुठल्याही एजन्सीत जा, पत्रकारांना फोन लावणारी, क्लायंटची समजूत काढणारी, रात्री उशिरा प्रेस नोटचा आणखी एक ड्राफ्ट पाठवणारी बहुतेक वेळा बाईच असते. पण जसजसं वर जावं, म्हणजे डायरेक्टर, पार्टनर, बोर्ड, तसतसं हे प्रमाण घसरत जातं. हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये. दरवर्षी मार्चमध्ये त्यावर पॅनेल होतात, भाषणं होतात, आणि चर्चा शेवटी आत्मविश्वासावर येऊन थांबते की बायकांनी मागायला शिकलं पाहिजे, नेटवर्किंग केलं पाहिजे, स्वतःला पुढे केलं पाहिजे.

मला वाटतं ही चर्चाच चुकीच्या जागी चाललीये. वर किती जणी पोचल्या हा आकडा महत्त्वाचा आहेच, तो बघू नका असं मी म्हणत नाही, पण त्या आकड्याच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो कुणी विचारत नाही. कंपनी जेव्हा काहीतरी मोठं ठरवते, कारखाना बंद करायचा, शेकडो लोक कमी करायचे, एखादं प्रॉडक्ट बाजारातून परत घ्यायचं, तेव्हा पीआर सांभाळणाऱ्या बाईला कधी बोलावतात? ठरवायच्या आधी का ठरवून झाल्यावर? झाल्यावर बोलावत असतील तर तिच्या कार्डावर व्हाइस प्रेसिडेंट छापलेलं असो की चीफ कम्युनिकेशन्स ऑफिसर, तिच्याकडे नेतृत्व दिलेलं नाहीये. दुसऱ्यांनी घेतलेला निर्णय नीट शब्दांत बसवून द्यायचं काम दिलंय, आणि लोक चिडले तर समोर उभं राहायचं काम दिलंय.

डी डी मायर्स यांचं उदाहरण मला यासाठी सगळ्यात बोलकं वाटतं. १९९३ साली बिल क्लिंटन अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा मायर्स व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला प्रेस सेक्रेटरी झाल्या, वय फक्त ३१. बातमी केवढी मोठी झाली असेल बघा. पण आत काय झालं होतं? प्रेस सेक्रेटरीचं जे ऑफिस परंपरेने ठरलेलं होतं ते त्यांना मिळालंच नाही, ते गेलं कम्युनिकेशन्स डायरेक्टर जॉर्ज स्टेफनोपोलस यांच्याकडे, मायर्सना लहान ऑफिस मिळालं, आणि आधीच्या प्रेस सेक्रेटरींना जो दर्जा असायचा त्यापेक्षा खालचा दर्जा मिळाला. म्हणजे पदाचं नाव तेच, पण खोली छोटी आणि श्रेणी खालची. नंतर त्यांनी स्वतः सांगितलंय की त्यांच्यापेक्षा खालच्या जागेवर काम करणाऱ्या पुरुषाला त्यांच्याहून जास्त पगार होता, आणि त्याबद्दल विचारायला गेल्यावरही पगार वाढवून मिळाला नाही.

पगारापेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त खटकते. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने बगदादमधल्या इराकी गुप्तचर खात्याच्या मुख्यालयावर क्षेपणास्त्रं टाकली. ज्या बाईला जगाच्या पत्रकारांसमोर उभं राहायचं होतं तिला या तयारीची वेळेत नीट कल्पना दिली गेली नाही, आणि त्यामुळे तिने पत्रकारांना जे सांगितलं ते काही तासांत चुकीचं ठरलं. आता प्रवक्त्याकडे असतं काय हो, एकच तर भांडवल असतं, तिच्या शब्दावर पत्रकार विश्वास ठेवतात ते. आणि ते भांडवल आत बसलेल्या लोकांनी तिला न विचारता खर्च करून टाकलं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल, तर प्रेस सेक्रेटरीला काही माहिती नसतं, ती कच्ची आहे. म्हणजे आधी तिला बैठकीबाहेर ठेवायचं, आणि मग तिला माहिती नव्हतं हाच तिच्या कमजोरीचा पुरावा म्हणून धरायचा. हे चक्र एकदा ओळखता यायला लागलं की ते किती ठिकाणी चालू आहे ते दिसायला लागतं, छोट्या कंपन्यांत, सरकारी खात्यांत, एनजीओत, युनिव्हर्सिट्यांत, सगळीकडे.

आता हे होतं कसं ते बघू, कारण कुणी ठरवून बायकांना बाहेर ठेवतंय असं दरवेळी नसतं.

पीआरच्या कामाचे ढोबळ दोन भाग पडतात. एक म्हणजे करायचं काम, लिहायचं, पाठवायचं, फोन करायचे, इव्हेंट उभा करायचा, कव्हरेजची फाइल बनवायची. दुसरं म्हणजे ठरवायचं काम, कुणाशी बोलायचं, काय बोलायचं नाही, कंपनीने मुळात काय बदललं पाहिजे म्हणजे बोलायची वेळच येणार नाही. ग्लेन ब्रूम आणि डेव्हिड डोझियर या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि ८० च्या दशकात यावर बरंच काम केलं, टेक्निशियन आणि मॅनेजर अशा दोन भूमिका त्यांनी दाखवल्या, आणि बायका टेक्निशियनच्या भूमिकेत जास्त अडकतात हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा समोर आलंय. १९८६ मध्ये आयएबीसी या बिझनेस कम्युनिकेशनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रिसर्च फाउंडेशनने ‘व्हेल्व्हेट घेटो’ नावाचा रिपोर्ट काढला, त्यातही हीच काळजी होती की बायका या धंद्यात मोठ्या संख्येने येतायत पण येऊन मऊ गादीच्या कोंडवाड्यात बसतायत, म्हणजे नोकरी आहे, ऑफिस छान आहे, कपडे छान आहेत, कामाचं कौतुक पण होतं, फक्त तिथून पुढे रस्ता नाही.

तो रिपोर्ट येऊन चाळीसेक वर्षं होत आली. आणि अजूनही मी चांगल्या हुशार मुली त्याच वाटेने जाताना बघते. ती जॉइन होते, तिचं लिखाण चांगलं असतं, म्हणून सगळं लिखाण तिच्याकडे येतं. तिचं पत्रकारांशी छान जमतं, म्हणून सगळे फोन तिच्याकडे. क्लायंट चिडला की तिला पुढे करतात कारण ती शांतपणे बोलते. ती हे सगळं इतकं नीट करते की तिच्याशिवाय काम हलत नाही, आणि नेमकं म्हणूनच तिला तिथून हलवत नाहीत. तिच्याबरोबर जॉइन झालेला मुलगा, ज्याचं लिखाण यथातथाच आहे, त्याला म्हणून नव्या बिझनेसच्या मीटिंगना न्यायला लागतात, बजेट बघायला देतात, आणि पाच वर्षांनी प्रमोशनची वेळ येते तेव्हा आकड्यांचा अनुभव त्याच्याकडे असतो. तिच्याकडे नसतो. मग सांगितलं जातं की तिला कमर्शियल समज कमी आहे. अहो, ती समज यायला आकडे समोर यावे लागतात ना, ते तिच्यासमोर कधी ठेवले होते?

क्रिस्टिन विल्यम्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की ज्या कामांत बायका बहुसंख्य आहेत, नर्सिंग, प्राथमिक शाळा, लायब्ररी, समाजकार्य, तिथे येणारे पुरुष मागे पडत नाहीत, उलट त्यांना कुणीतरी वर ढकलत नेतं, त्यांनी मागितलं नसलं तरी. पीआर त्यांच्या यादीत नव्हतं, पण वर्णन तंतोतंत लागू पडतं. आणि यात त्या मुलाचा दोष आहे असं मी म्हणत नाहीये. त्याला संधी दिली, त्याने घेतली. दोष संधी वाटणाऱ्याचा आहे.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. पीआरमध्ये ब्युटी, फॅशन, लाइफस्टाइल, ट्रॅव्हल या बाजूला बायकांची गर्दी दिसते, आणि कंपन्यांचे विलीनीकरण, शेअर बाजार, सरकारशी संबंध, मोठे कोर्टकज्जे या बाजूला पुरुष जास्त दिसतात. पैसा कुठे जास्त आहे ते सांगायला नकोच. आणि नुसता पैसा नाही, कंपनीच्या मुख्य लोकांशी रोजचा संबंध कुठे येतो, तर या दुसऱ्या बाजूला येतो. म्हणजे पंचविशीत कुठल्या टीममध्ये टाकलं यावर पन्नाशीत कुठल्या बैठकीत बसायचं ते बरंचसं ठरून जातं, आणि ते टाकणं बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंदाजावर झालेलं असतं की हिला मेकअपच्या ब्रँडमध्ये मजा येईल.

हा सगळा प्रकार नवा नाही. पीआरच्या जन्मापासून चालत आलाय. या धंद्याचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते एडवर्ड बर्नेज. त्यांच्या ऑफिसात १९१९ साली डोरिस फ्लायशमन नावाच्या पत्रकार बाई लेखक म्हणून कामाला लागल्या. लिहिणं, कार्यक्रम आखणं, १९२० मध्ये अटलांटाला झालेल्या एनएएसीपीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या अधिवेशनाचं प्रसिद्धीचं काम तिथे जाऊन करणं, हे सगळं त्यांनी केलं. १९२२ मध्ये दोघांचं लग्न झालं. फ्लायशमन यांनी नाव बदललं नाही, १९२५ मध्ये लग्नाआधीच्या नावाने अमेरिकन पासपोर्ट मिळवणाऱ्या त्या पहिल्या विवाहित बाई ठरल्या. इतकी स्वतःच्या नावाबद्दल जागरूक बाई. आणि तरी ऑफिसच्या पाटीवर नाव एकट्या बर्नेज यांचं. भागीदारी निम्मी निम्मी होती असं दोघंही सांगायचे, पण फ्लायशमन क्लायंटच्या मीटिंगला सहसा जायच्या नाहीत, कारण आयडिया बाईची आहे म्हटल्यावर क्लायंट तिचं वजन कमी धरेल याची दोघांना खात्री होती. पासपोर्टच्या खिडकीवर जी बाई सरकारशी भांडून जिंकली ती स्वतःच्या धंद्याच्या मीटिंग रूममध्ये जाऊ शकली नाही. बर्नेज १९९५ पर्यंत जगले, मुलाखती दिल्या, दंतकथा झाले. फ्लायशमन यांचं नाव आज पीआर शिकणाऱ्या किती मुलींना माहिती असतं?

आणि त्याच ऑफिसमधून १९२९ चा तो प्रसिद्ध प्रकार निघाला. अमेरिकन टोबॅको कंपनीला बायकांमध्ये सिगरेट खपवायची होती, तर न्यूयॉर्कच्या ईस्टर परेडमध्ये तरुण मुलींना रस्त्यावर सिगरेट ओढायला लावल्या आणि त्याला स्वातंत्र्याच्या मशाली असं नाव दिलं. त्यात पुढे असलेली बर्था हंट ही बर्नेज यांचीच सेक्रेटरी होती. पीआरच्या कोर्सेसमध्ये हे उदाहरण अजून शिकवतात, बहुतेक वेळा जनमत कसं वळवतात याचा नमुना म्हणून. मला त्यात दुसरं दिसतं. चित्रात बायका, मथळ्यात बायकांचं स्वातंत्र्य, आणि काय विकायचं, का विकायचं, त्याने बायकांच्या फुफ्फुसांचं काय होईल, हे ठरवणाऱ्या टेबलवर कंपनीचे पुरुष. बाईचा चेहरा वापरायचा आणि बाईला निर्णयाबाहेर ठेवायचं, हे या धंद्याने पहिल्यापासून शिकून ठेवलंय.

मग या परिस्थितीत बायका पुढे गेल्या कशा? कारण गेल्याच की. आणि कशा गेल्या ते बघितलं तर फार महत्त्वाची गोष्ट कळते. बऱ्याच जणी स्वतःचं काहीतरी उभं करून पुढे गेल्या. एलेनॉर लॅम्बर्ट घ्या. न्यूयॉर्कचे डिझायनर पॅरिसच्या सावलीत होते त्या काळात, १९४३ मध्ये, त्यांनी प्रेस वीक सुरू केला, त्यातूनच पुढे न्यूयॉर्क फॅशन वीक आला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी होणाऱ्या मेट गाला या फॅशनच्या कार्यक्रमाची सुरुवात त्यांची, १९६२ मध्ये अमेरिकेतल्या फॅशन डिझायनर्सची संघटना उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. म्हणजे त्या कुणाच्या निर्णयाची प्रेस नोट लिहीत नव्हत्या, धंद्याची चौकटच त्यांनी ठरवली. १९८३ मध्ये मेलिसा वॅगेनर यांनी एजन्सी काढली, मायक्रोसॉफ्टचा पीआर आतून बघितलेल्या पॅम एडस्ट्रॉम त्यांना येऊन मिळाल्या, आणि मायक्रोसॉफ्ट लहान कंपनी होती तेव्हापासून जगातली बलाढ्य कंपनी होईपर्यंत तिची गोष्ट जगाला सांगायचं काम या दोघींच्या एजन्सीने केलं. मार्जरी क्रॉस यांनी १९८४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका लॉ फर्मची शाखा म्हणून ॲपको सुरू केली आणि २००४ मध्ये व्यवस्थापनाने कंपनीच विकत घेतली. भारतात प्रेमा सागर यांनी १९९२ मध्ये जेनेसिस ही एजन्सी सुरू केली, २००५ मध्ये ती बर्सन-मार्स्टेलर या मोठ्या आंतरराष्ट्रीय पीआर कंपनीने घेतली.

आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवा. केचम ही एजन्सी १९२३ पासून चालू आहे. तिथे बॅरी रॅफर्टी या जागतिक सीईओ झाल्या जानेवारी २०१८ मध्ये, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या पाच पीआर फर्मपैकी एखादीच्या प्रमुखपदी बाई येण्याची ती पहिली वेळ होती. त्याच्या पुढच्या वर्षी गेल हाइमन वेबर शँडविक या दुसऱ्या मोठ्या एजन्सीच्या सीईओ झाल्या. म्हणजे ज्या बायकांनी स्वतः धंदा काढला त्या १९८० च्या दशकात, लॅम्बर्ट तर त्याच्याही कितीतरी आधी, प्रमुख होत्या, आणि ज्यांनी दुसऱ्याच्या कंपनीत राहून जिने चढले त्यांना २०१८ पर्यंत वाट बघावी लागली. क्षमता कमी होती म्हणून उशीर झाला असं म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावं लागेल. बायका चालवू शकतात हे बाजाराने कधीच मान्य केलं होतं, त्यांच्याकडे क्लायंट जात होते, पैसे देत होते. मान्य केलं नव्हतं ते आतल्या प्रमोशन देणाऱ्यांनी.

म्युरिएल फॉक्स यांची गोष्टही इथेच सांगायला हवी. १९५० च्या सुमारास त्या कार्ल बायर या तेव्हाच्या फार मोठ्या पीआर फर्मकडे गेल्या तेव्हा बाई म्हणून आधी त्यांना नकारच मिळाला. नंतर तिथेच लागल्या, व्हाइस प्रेसिडेंट झाल्या. आणि १९६६ मध्ये नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही बायकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना स्थापन झाली तेव्हा स्थापना करणाऱ्यांत त्या होत्या आणि संघटनेची प्रसिद्धीही त्यांनीच सांभाळली. मला हे फार आवडतं, कारण धंद्यात शिकलेलं सगळं कौशल्य त्यांनी अशा ठिकाणी वापरलं जिथे निर्णय घेणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. बेट्सी प्लँक १९७३ मध्ये अमेरिकेच्या पीआर सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, १९४७ मध्ये स्थापन झालेली संस्था, म्हणजे २६ वर्षं लागली. प्लँक यांनी विद्यार्थ्यांच्या संघटनेसाठी आयुष्यभर काम केलं.

आता एका अशा युक्तिवादाबद्दल बोलते जो आपल्याच बाजूचे लोक वापरतात आणि तो मला अजिबात पटत नाही. तो म्हणजे बायका मुळातच संवादात चांगल्या, ऐकून घेतात, समजून घेतात, सच्च्या असतात, म्हणून पीआरमध्ये त्यांचं नेतृत्व हवं. ऐकायला छान वाटतं. पण याच युक्तिवादाने बायकांना कोंडवाड्यात बसवलंय! तुम्ही जन्मजात संवादात चांगल्या, म्हटल्यावर तुमचं कौशल्य हे कौशल्य राहतच नाही, स्वभाव होतो, आणि स्वभावाचे पैसे कोण देणार? क्लायंटला शांत करणं, पत्रकाराचा राग झेलणं, चिडलेल्या बॉसला प्रेस कॉन्फरन्सआधी ताळ्यावर आणणं, हे सगळं शिकावं लागतं, वर्षानुवर्षं, आणि ते थकवतं. टाइमशीटवर त्यासाठी रकाना नसतो.

आणि बायका आल्या की धंदा आपोआप नीतिमान होईल हेही खरं नाही. लिओन बॅक्स्टर आणि क्लेम व्हिटेकर यांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात कॅम्पेन्स इंक नावाची फर्म काढली, राजकीय प्रचाराचं काम करणारी ती जगातली पहिली कंपनी मानली जाते. बॅक्स्टर तिथे बरोबरीच्या भागीदार होत्या, डोक्याने तल्लख. आणि १९४९ पासून त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनसाठी अध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेविरुद्ध जी मोहीम चालवली तिने ती योजना पाडायला मोठा हातभार लावला. ज्या लाखो लोकांना तो विमा मिळाला असता त्यांच्या दृष्टीने ती मोहीम बाईने चालवली का पुरुषाने याने काहीच फरक पडला नाही. म्हणून मी बायकांचं नेतृत्व मागते ते त्या जास्त चांगल्या आहेत म्हणून मागत नाही. ज्या कामाचा मोठा भार त्या उचलतात त्या कामाचे निर्णय घेण्याचा त्यांना हक्क आहे, एवढंच कारण पुरेसं आहे. चांगलं वागण्याची अट पुरुषांना कुणी घातली नव्हती.

अजून एक मुद्दा, संकटाचा. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एक्सेटर युनिव्हर्सिटीच्या मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी दाखवलं की कंपनी आधीच घसरणीला लागलेली असताना बाईला वरच्या जागी आणण्याची शक्यता वाढते, म्हणजे तिला काचेच्या कड्यावर उभं केलं जातं, पडली तर दोष तिचा. पीआरमध्ये तर हे रोजच्या कामात होतं. घोटाळा झाला, बोर्डाने महिनोन्महिने लपवला, आणि बाहेर फुटल्यावर माईक हातात कुणाच्या, तर कम्युनिकेशन हेडच्या. मी स्वतः एका ठिकाणी हे अनुभवलंय, लोक कमी करायचं आठवड्यांपूर्वी ठरलेलं होतं आणि आम्हाला आदल्या रात्री सांगितलं की सकाळी नऊला निवेदन हवं. आमच्या हेड बाई होत्या, फार अनुभवी. त्यांनी विचारलं, काढलेल्या लोकांना आधी सांगणार आहात का मीडियाला? खोलीत कुणाकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न आठवड्यांपूर्वी विचारला गेला असता तर कितीतरी लोकांना स्वतःची नोकरी गेल्याचं बातमीतून कळलं नसतं. पीआरचं माणूस आधीच्या बैठकीत हवं म्हणते ते यासाठी, त्यात मानापमानाचा भाग दुय्यम आहे.

मधल्या वयाचं काय होतं ते थोडक्यात, कारण ते सगळ्याच क्षेत्रांत होतं. पण पीआरला एक जास्तीचा त्रास आहे की बातमी वेळ बघून येत नाही, आणि क्लायंटने त्याचा अर्थ असा लावलाय की त्याचा साधा मेलही वेळ बघून यायची गरज नाही. खरं संकट आणि क्लायंटची घाई यात फरक करायला एजन्सीचे मालक घाबरतात, रिटेनर, म्हणजे क्लायंटकडून ठरलेली नियमित फी, जाईल म्हणून. त्या भीतीची किंमत घरी लहान मूल असलेली बाई भरते, तिशीच्या मध्यावर सोडते, आणि मग चाळिशीत डायरेक्टर करायला बायका मिळत नाहीत म्हणून तक्रार होते. क्लायंटच्या वागण्याबद्दलही बोललं पाहिजे, पार्टीत, प्रवासात, उशिरा आलेल्या मेसेजेसमध्ये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार क्रमांक १९० मंजूर केला त्यात बाहेरच्या लोकांकडून, म्हणजे क्लायंट वगैरेंकडून होणाऱ्या त्रासाचाही विचार केलाय. मोठा क्लायंट गेला तरी चालेल पण आमच्या मुलीला त्या खोलीत परत पाठवणार नाही, हे म्हणणारा मालक किंवा मालकीण मला खरा नेता वाटतो.

मग करायचं काय? इथे मला आयर्लंड, आइसलंड, ब्रिटन असे देशोदेशीचे कायदे सांगत बसायचं नाहीये, दोनच सांगते. ब्रिटनमध्ये २०१७ च्या नियमांनी २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना पुरुष आणि बायकांच्या पगारातली तफावत जाहीर करणं बंधनकारक झालं, पहिले आकडे २०१८ मध्ये आले. आइसलंडने २०१८ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना समान पगार देतो हे सिद्ध करून सर्टिफिकेट घ्यायला लावलं. ब्रिटनच्या आकड्यांमुळे एक फार छान गोष्ट घडली. ट्विटरवर कुणीतरी जेंडर पे गॅप बॉट नावाचं खातं बनवलं, आणि ८ मार्चला ज्या कंपनीने महिला दिनाची गोड पोस्ट टाकली तिच्या पोस्टखाली त्या कंपनीच्या पगारातली तफावत आपोआप यायला लागली. २०२२ मध्ये तर काही कंपन्यांनी पोस्टच डिलीट केल्या. त्या पोस्ट लिहिल्या कुणी असतील? बऱ्याचशा कम्युनिकेशन टीममधल्या बायकांनीच. स्वतःच्या कंपनीतल्या पगाराचा आकडा माहिती असूनही, किंवा कुणी सांगितला नाही म्हणून माहिती नसताना, त्यांना तो मजकूर लिहावा लागला. जो धंदा दुसऱ्यांना सांगतो की बोलणं आणि वागणं जुळलं पाहिजे, त्याने स्वतःच्या एजन्सीतले आकडे कायदा मागो न मागो जाहीर करायला हवेत. बहुतेक पीआर एजन्स्या इतक्या लहान असतात की त्या अशा कायद्यांच्या बाहेरच राहतात, त्यामुळे त्यांनी स्वतःहून करण्याला जास्त अर्थ आहे.

पण आकडे जाहीर केल्याने बैठकीचं दार उघडेलच असं नाही. त्यासाठी कामाच्या रचनेत हात घालावा लागेल. कम्युनिकेशन हेडने थेट सीईओला रिपोर्ट करायचं, मार्केटिंगच्या किंवा एचआरच्या खाली नाही. बजेट तिच्या हातात. लोकांच्या आयुष्यावर परिणाम होणारा कुठलाही निर्णय अंतिम होण्याआधी तिचं लेखी मत घ्यायचं, मान्य करा न करा, पण नोंद राहू दे. एजन्सीत मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असतानाच तिला एक तरी अकाउंट, म्हणजे एका क्लायंटचं सगळं काम, पैशासकट सांभाळायला द्यायचं, आणि फायनान्स, सरकार, क्रायसिस या टीममध्ये सगळ्यांना आळीपाळीने पाठवायचं. पिचला, म्हणजे नवा क्लायंट मिळवायच्या मीटिंगला, जी बाई प्रेझेंटेशन करते तीच पुढे त्या अकाउंटची प्रमुख असेल हे क्लायंटच्या करारात लिहायचं, कारण पिचला बायका दाखवायच्या आणि काम मिळाल्यावर दुसऱ्याला प्रमुख करायचं हा प्रकार फार चालतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पीआरच्या पुरुषांना तरी कुठे आधी विचारतात? बऱ्याच कंपन्यांत पीआरलाच दुय्यम समजतात, मग हा बायकांचा प्रश्न कसा? बरोबर आहे, धंद्यालाच मान कमी आहे. पण तो मान आणि धंद्यात कोण काम करतं या दोन गोष्टी सुट्या नाहीत. जे काम बायकांचं म्हणून ओळखलं जायला लागतं त्याचा पगार आणि वजन घसरतं, १९८६ च्या त्या रिपोर्टमध्ये हीच भीती होती. मग काही जण उपाय सुचवतात की धंद्यात पुरुष वाढवा म्हणजे मान वाढेल. हा उपाय मला अपमानास्पद वाटतो. काम तेच, माणसं तीच सक्षम, आणि मान मिळवायला पुरुषांची गर्दी हवी? मान वाढवायचा रस्ता एकच दिसतो, या कामाला निर्णयात जागा मिळवून देणं, आणि ती मिळवायची लढाई ज्यांची संख्या दोन तृतीयांश आहे त्यांच्याच पुढाकाराने होणार.

त्यामुळे ज्या जणी आज वर आहेत त्यांच्याकडून माझी मागणी जास्त आहे, आणि ती अवघड आहे हे मला कळतं, कारण नाही म्हणणाऱ्या बाईला अडेलतट्टू ठरवायला वेळ लागत नाही. तरी नोकरी लागताना, पगार ठरवण्याच्या त्याच बैठकीत, विचारून घ्या की कुठल्या बैठकांना मी असणार, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. एजन्सी तुमची असेल तर क्लायंटच्या करारात कलम घाला की मोठ्या निर्णयाची माहिती किती दिवस आधी देणार, आणि नाही दिली तर क्रायसिसच्या कामाचे दर वेगळे लागतील. वकील हे करतात, ऑडिटर हे करतात, त्यांना कागदपत्रं न दाखवता सही करा म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. आणि तुमच्या हाताखालच्या मुलीला उद्या कुणी अर्धवट माहितीवर निवेदन लिहायला सांगितलं तर तिच्या जागी तुम्ही फोन उचला आणि उरलेली माहिती मागा.